हिंदी सिनेमातला दलित माणूस: आधी उपयोगी पडा, मग आत या

तिसरी घंटा:

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून टीव्ही लावला तर 'लगान' चालू होता, नेमका कचराचा सीन. शंभरदा बघितलाय, पण ह्यावेळी एक गोष्ट जी खटकली ती डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. गावातले सगळे अस्पृश्य कचराला क्रिकेट टीममध्ये घ्यायला नकार देतात, मग भुवन भाषण करतो, मग एकेक जण विरघळतो. भाषण छानच आहे, शाळेत असताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण भुवनला कचरा हवा का होता? तर त्याच्या लुळ्या हातातून बॉल भन्नाट वळतो म्हणून. समजा त्याचा हात धडधाकट असता आणि बॉल सरळ गेला असता, तर? तर तो गावाच्या कडेलाच उभा राहून मॅच बघत बसला असता आणि सिनेमा तितक्याच आनंदात संपला असता.

मग मी मागे मागे जात राहिले. 'सुजाता' (१९५९) आठवा. बिमल रॉय, नूतन, आणि सांभाळणाऱ्या आईच्या, म्हणजे चारूच्या भूमिकेत आपल्या सुलोचनाबाई. तान्ही असल्यापासून घरात वाढलेल्या अस्पृश्य पोरीची ओळख ती बाई लोकांना करून देते ती 'मुलीसारखी' म्हणून, मुलगी म्हणून नाही. त्या एका 'सारखी'वर नूतनचा चेहरा काय होतो ते शब्दात सांगता येणार नाही, बघाच. आणि ती 'सारखी' गळून कधी पडते? तर चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि अख्ख्या घरात सुजाताचंच रक्त जुळतं तेव्हा. त्याच्याही आधी 'अछूत कन्या' (१९३६). कस्तुरीचे वडील रेल्वे फाटकावरचे गेटमन, ब्राह्मण मोहनला साप चावतो तेव्हा ते तोंडाने विष ओढून काढतात आणि तिथून दोन घरांचा घरोबा सुरू होतो.

विष, रक्त, विकेट. १९३६ ते २००१, पासष्ट वर्षं. म्हणजे जीव वाचवून दाखव, मॅच जिंकून दाखव, मग तुला आत घेऊ. नुसता माणूस आहे, कुणाच्या कामाचा नाही, रागीट आहे, आळशी आहे, महत्त्वाकांक्षी आहे, असा दलित माणूस हिंदी पडद्यावर कुणी बघितलाय का? मला खरंच ऐकायचंय, कारण मी जितकं आठवते तितके हात रिकामेच येतायत.

रीळ:

मुद्दा चांगला आहे, विष-रक्त-विकेट हे एका ओळीत कधी बघितलं नव्हतं. पण थोडं त्या काळात जाऊन बघू या. १९३६ साली देविका राणीसारखी त्या वेळची सगळ्यात मोठी नटी अस्पृश्य मुलीची भूमिका करते, सिनेमा तुफान चालतो, लोक थिएटरात रडतात, हे लहान काम नाही. तेव्हा विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळात जाता येत नव्हतं. अशा प्रेक्षकाला एकदम बरोबरीची भाषा सांगितली असती तर तो उठून गेला असता. विष काढण्याचा प्रसंग हा त्या प्रेक्षकाला हाताला धरून उंबऱ्यापर्यंत आणायची युक्ती होती असं मी मानतो. आणि बिमल रॉयबद्दल तर मी काही ऐकून घेणार नाही, त्या माणसाचं मन साफ होतं हे त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं.

कोरा कागद:

रीळ, मन साफ असण्याबद्दल कुणाचंच दुमत नाही, पण "त्या काळात जाऊन बघू" म्हणालात म्हणून बोलते. चला, जाऊ त्या काळात. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. तिथे पाणी प्यायलेल्या माणसांनी आधी कुणाचं विष काढलं नव्हतं, ओंजळ भरली आणि प्यायले, हक्क आहे म्हणून. नाशिकला काळाराम मंदिर १९३०. येवल्यात ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. जातिव्यवस्था मोडायची कशी यावरचं त्यांचं न दिलेलं भाषण त्यांनी स्वतः पुस्तक म्हणून छापलं, साल १९३६. आणि 'अछूत कन्या' बनवणारी बॉम्बे टॉकीज कुठे होती? मालाडला! म्हणजे ज्या शहरात बाबासाहेब राहत होते, लिहीत होते, सभा घेत होते त्याच शहरात बसून ही गोष्ट लिहिली गेली आणि त्यात त्या सगळ्याचा वासही नाही. तेव्हा काळ तयार नव्हता असं म्हणता येणार नाही, काळ तयार होता, फक्त स्टुडिओच्या आतल्या लोकांना एकच वाट दिसत होती, हृदयपरिवर्तनाची, समोरच्याच्या मनात दया उपजण्याची. शेवटी कस्तुरी काय करते तेही बघा, रेल्वे फाटकावर गाडी थांबवायला धावते आणि गाडीखाली जाते. ब्राह्मण मोहनच्या मुलाशी तिचं लग्न लावायचं धाडस गोष्टीत नव्हतं, म्हणून तिला देवी करून टाकलं.

रीळ:

मालाडचा मुद्दा मान्य. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, खरं सांगतो.

मग मी 'मंथन' (१९७६) पुढे ठेवतो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून बनवलेला सिनेमा, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. वरवर बघितलं तर शहरातून आलेला डॉक्टर राव (गिरीश कार्नाड) गावाला शहाणं करतो अशी गोष्ट वाटते. पण नीट बघा, राव शेवटी निघून जातो, त्याची बदली होते, तो हरल्यासारखा गाडीत चढतो. मागे कोण राहतं? नसीरुद्दीनचा भोला, दलित वस्तीतला. तिरसट, कुणावर विश्वास न ठेवणारा, पहिल्या भेटीत रावला उडवून लावणारा. दूध सोसायटी पुढे तो चालवतो. त्याला कुणी आत घेत नाही, तोच आत असतो आणि राव बाहेरचा. त्यामुळे हात अगदीच रिकामे नाहीत.

तिसरी घंटा:

भोला! अहो कसा विसरले मी. तिरसट हा शब्द बरोब्बर वापरलात, तेच मला हवं होतं, तिरसट असायची मुभा.

अनवट:

समांतर सिनेमावर आलाच आहात तर दोन गोष्टी. एक 'सद्गती'. सत्यजित रायनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेली छोटी फिल्म, प्रेमचंदांची कथा. ओम पुरी दुखी चांभार, मोहन आगाशे पंडित. दुखीला मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढून हवा असतो म्हणून तो पंडिताकडे जातो, पंडित त्याला उपाशीपोटी एक भलाथोरला ओंडका फोडायला लावतो. कुऱ्हाड बोथट, ओंडका दगडासारखा, आणि तो माणूस मारतोय, मारतोय, मारतोय, आणि तिथेच मरतो. मग प्रेत हलवायला कुणी येईना, तेव्हा पंडित स्वतः दोरीचा फास त्याच्या पायात अडकवून, हात न लावता, त्याला ओढत नेतो. रायनी तिथे संगीत घालून रडवलं नाही. आगाशे दोरी ओढताना दमतात, एवढंच दिसतं. मी हे बघून दोन दिवस कुणाशी नीट बोललो नव्हतो.

पण तिसरी घंटा यांच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, कारण दुखीला पडद्यावर मरण्यापलीकडे काही करायला मिळत नाही. उत्तर मला वाटतं 'आक्रोश'मध्ये (१९८०) आहे, आणि ते ओम पुरीच्या लहान्या भिकूत नाही. लहान्या अख्ख्या सिनेमात जवळजवळ गप्प आहे आणि ती शांतता जबरदस्तच आहे, पण तिथेही पुन्हा सोसणाराच. मी म्हणतोय अमरीश पुरीचा दुसाणे. सरकारी वकील, स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला, आणि आदिवासीच्याच विरोधात केस लढवणारा. रात्री घरी त्याला फोन येतात, पलीकडून कोणीतरी त्याच्या जातीवरून घाणेरडं बोलतं, तो फोन ठेवतो आणि सकाळी त्याच लोकांबरोबर क्लबात जातो. त्याला काय वाटत असेल हे दिग्दर्शक निहलानी आणि लेखक तेंडुलकर सांगत नाहीत. तो भला नाही, बळीही नाही, वर चढलाय आणि पायाखालची शिडी कधीही निघेल हे त्याला माहितीय. इतका गुंतागुंतीचा माणूस त्यानंतर हिंदीत पुष्कळ वर्षं आला नाही.

विदर्भकर:

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही. इथे बहुतेक जण सिनेमा बघणाऱ्याच्या बाजूने बोलतायत, मी जरा त्या दुसऱ्या बाजूने बोलतो.

हिंदी हिरोला आडनाव नसतं हे कधी लक्षात आलंय का? नुसता विजय, नुसता रवी. आडनाव असलंच तर मल्होत्रा, खन्ना, कपूर. आम्हाला लहानपणी वाटायचं सिनेमात जात नसतेच, छान जग आहे. पुढे कळलं की ज्याला आडनाव सांगायची भीती नाही त्याचंच ते जग आहे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी होस्टेलवर रूम पार्टनरने नाव विचारलं, मी नाव सांगितलं, तो म्हणाला पूर्ण नाव सांग. त्या 'पूर्ण' शब्दातलं सगळं मला कळलं आणि त्यालाही कळलं की मला कळलंय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कॅटेगरीतून लागला का. मी ओपनमधून लागलो होतो, ते सांगताना आपला आवाज उगाच मोठा झाला हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो, कारण कॅटेगरीतून लागलो असतो तरी मान खाली घालायचं काहीच कारण नव्हतं.

म्हणून 'होमबाउंड' (२०२५) बघताना माझा श्वास अडकला. नीरज घायवानचा चंदन पोलीस भरतीचा फॉर्म भरतो तेव्हा जनरल लिहितो. दलित असून जनरल. का, ते ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं, ज्याला नाही कळत त्याला सिनेमा हळूहळू सांगतो. नोकरी लागण्याची शक्यता कमी झाली तरी चालेल पण त्या रकान्यात ते अक्षर नको, हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं आहे. आणि कुणाचा जीव वाचवून आत यायची त्याला घाईच नाही, त्याला साधी खाकी वर्दी हवीय, म्हणजे लोक आधी वर्दी बघतील आणि मग नाव.

'झुंड' (२०२२) मी नागपूरलाच थिएटरात बघितला. आंबेडकर जयंतीची मिरवणूक, डीजे, नाचणारी पोरं, आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडून उभा. थिएटरात जे झालं ते मी लिहू शकत नाही. माझ्या शेजारी साठीचे एक काका होते, ओळखीचे नव्हते, ते नुसते उभे राहिले. आमच्या गल्लीतला डीजे, आमच्या गल्लीतलं नाचणं, आमची भाषा, ते इतक्या मोठ्या हिंदी पडद्यावर आणि तेही मोठ्या स्टारच्या सिनेमात. एवढी साधी गोष्ट बघायला इतकी वर्षं लागली. हो, तिथेही मदत करणारा सर आहेच, पण ती पोरं कुणी गरीब बिचारी नाहीत, चाकू बाळगणारी, शिव्या देणारी, हसणारी पोरं आहेत.

कोरा कागद:

विदर्भकर, लिहिते रहा. ते काका उभे राहिले तिथे मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आडनावावरून आठवलं, 'धडक २' (२०२५) मध्ये हिरोचं नाव नीलेश अहिरवार आहे. पूर्ण नाव! मोठ्या बॅनरच्या लव्हस्टोरीत हिरोला असं दलित आडनाव मिळालं याचं मला सिनेमापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

सांजवेळ:

पहिल्या 'धडक'चं (२०१८) काय करायचं मग? 'सैराट'चा रिमेक आणि त्यातून सैराटचा कणाच काढून टाकला. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला सैराट म्हणजे काय ते विचारा. वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली आर्चीचा भाऊ सगळ्यांदेखत वाजवतो आणि ते सर काहीही करू शकत नाहीत, ह्या एका सीनमध्ये गावची सगळी सत्ता कळते, कोण कुणाला मारू शकतं ते. आर्ची-परश्याच्या प्रेमाची भीती तिथूनच सुरू होते. धडकमध्ये उदयपूरचे राजवाडे, तलाव, सुंदर कपडे, आणि जात एखाद्या वाक्यापुरती. मग शेवटी जे घडतं ते का घडतं हे प्रेक्षकाला कळणारच नाही, बाप खडूस होता एवढंच वाटेल. सैराटच्या शेवटी आवाज बंद होतो आणि ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चालत जातं, त्यानंतर आमच्या थिएटरात कुणी खुर्चीतून उठलं नव्हतं. हिंदीवाल्यांना भीती वाटत असेल की देशभराच्या प्रेक्षकाला जात झेपणार नाही, पण तो प्रेक्षक रोज जातीतच तर राहतो.

आणि जे दाखवायला जातात त्यांची गत काय होते तेही बघा. 'फुले' (२०२५) ११ एप्रिलला यायचा होता, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला. इथल्या काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला लावले, तीन हजार वर्षांची गुलामी म्हटलेलं होतं तिथे नुसतं 'अनेक वर्षांची' करायला लावलं, आणि सिनेमा आला २५ एप्रिलला. ज्या माणसाने 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ सालीच लिहून छापलं त्याच्यावरच्या सिनेमात गुलामीची वर्षं मोजायची नाहीत, मला ह्याचा भयंकर राग आला होता आणि अजून आहे.

मधली सुट्टी:

मला कचराकडे परत जायचंय, कारण तिसरी घंटा यांनी ज्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय तिथे एक खराखुरा माणूस उभा आहे आणि तो आपला आहे. लगानची गोष्ट १८९३ ची आहे ना? साधारण त्याच काळात पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर एक चर्मकार समाजातला पोरगा पीच लाटायचं, नेट लावायचं काम करत होता आणि साहेबांना सरावासाठी डावऱ्या हाताने बॉल टाकत होता. पळवणकर बाळू. जन्म धारवाडचा, १८७६ चा. साहेब त्याला बॉलिंग द्यायचे, बॅट कधी हातात देत नसत. पुण्यातल्या हिंदू क्लबाला त्याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला, शेवटी घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानात बॉल एकच, सगळ्यांनी शिवलेला. आणि चहाच्या वेळेला? बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, बाळू बाहेर, त्याला चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फेकून द्यायचं. १९११ साली भारतीय टीम इंग्लंडला गेली तेव्हा ह्याच माणसाने शंभराहून जास्त विकेट काढल्या. तरी हिंदू संघाचा कॅप्टन त्याला कधी केलं नाही. त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते कॅप्टनपद मिळालं १९२३ मध्ये, तेही भावंडांनी निषेध करून, संघाबाहेर राहून.

लगानमध्ये हॅट्ट्रिक झाल्यावर कचराचा प्रश्न सुटतो. बाळूने विकेटी घेतल्या आणि प्रश्न सुटला नाही, बाहेर चहा पीत उभं राहावंच लागलं. उपयोगी पडल्यावर दार उघडतं हेच मुळात खोटं आहे.

आणि त्या चहाच्या भांड्यावरून सांगतो, 'गीली पुच्ची' बघा, 'अजीब दास्तान्स'मधली (२०२१), पुन्हा घायवानच. कोंकणा सेन शर्माची भारती कारखान्यात मशीनवर काम करते, तिला ऑफिसातली डेटा ऑपरेटरची जागा हवीय, लायकी तिची आहे आणि जागा मिळते प्रिया शर्माला. भारती सुरुवातीला तिला बॅनर्जी हे ब्राह्मणी आडनाव सांगते, खरं आडनाव मंडल, म्हणजे दलित. बॅनर्जी असेपर्यंत प्रिया गळ्यात पडते, मंडल कळल्यावर अंग चोरते. पुढे भारती जे करते ते अजिबात भलं नाही. ती डोकं चालवते, डाव टाकते आणि ती खुर्ची मिळवते. तिसरी घंटा, तुम्हाला महत्त्वाकांक्षी दलित माणूस हवा होता ना, ही घ्या. ना ती कुणाला रक्त देते, ना कुणासाठी गाडीखाली जाते. आणि शेवटाकडे ती प्रियाच्या घरी बसलीय, सगळ्यांच्या हातात चिनी मातीचे सुंदर कप, हिच्या हातात स्टीलचा. कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही, कुणी काही बोलत नाही. ती बघते, आणि पिते.

अनवट:

तो स्टीलचा कप मी पहिल्यांदा बघताना चुकवला होता. आत्ता परत लावून बघितला. माझ्या लक्षातच आला नव्हता ह्याचं वाईट वाटतंय.

विदर्भकर:

आम्हाला तो पहिल्या सेकंदाला दिसतो.

रीळ:

विदर्भकर, तुमच्या ह्या वाक्यावर काय बोलावं कळेना, म्हणून काही बोलत नाही. बाळूंबद्दल वाचतो.

तिसरी घंटा:

काल दिवसभर इथे आले नाही कारण मधली सुट्टी यांचा प्रतिसाद वाचून मी आईबरोबर 'गीली पुच्ची' लावली. आई सत्तरीची आहे. तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं चांगली आहे, बघ.

आमच्या जुन्या घरी मोरीशेजारी एक कोनाडा होता, त्यात एक कप असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. भांड्यांना यायच्या त्या मावशींचा. त्या स्वतःच तो काढायच्या, आई वरून चहा ओतायची, कपाला किटली लागणार नाही इतक्या उंचीवरून, पिऊन झाल्यावर मावशी तो स्वतः धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथा घालायच्या. आमच्याकडे कुणी कधी त्यांना वाईट बोललं नाही, दिवाळीला साडी, मुलाच्या फीला पैसे, सगळं व्हायचं. 'घरच्यासारख्या' आहेत असंच आई सगळ्यांना सांगायची. मी पहिल्या पोस्टमध्ये सुजाताच्या 'सारखी'वर एवढं लिहिलं आणि लिहिताना मला हा कप आठवला नव्हता.

स्टीलचा कप आला तेव्हा आईने रिमोट मागितला आणि पॉज केलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आपल्याकडचा निळा होता." मी विचारलं, मावशींचं आडनाव काय गं? तिला आठवेना. नाव आठवलं, गाव आठवलं, मुलाचं नाव आठवलं, अकरा वर्षं त्या येत होत्या, आडनाव आम्हाला कुणालाच माहीत नाही. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "तिला साखर जास्त लागायची. मी कधी घातली नाही, आपल्या सगळ्यांचा एकत्रच करायचे ना."